विहिरीवरचे इंजिन

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा तो वारा काही तासच वाहिला. परंतु तेवढ्या वेळात त्याने माड-पोफळींच्या कित्येक बागा आडव्या केल्या, घरांची कौले उडवून दिली आणि विजेचे खांब मोडून टाकले. वारा शमला तेव्हा किनाऱ्याजवळची अनेक गावे अंधारात बुडाली होती, आणि तो अंधार एका रात्रीत सरणारा नव्हता.

अशाच एका गावातील ही गोष्ट आहे. गावाची वाडी टेकडीच्या उतारावर वसली होती. पिण्याच्या पाण्याची विहीर पायथ्याशी होती. विजेचा पंप तेथून पाणी वर टाकीत चढवी आणि टाकीतून ते घरोघर जाई. वीज गेली तशी टाकी दुसऱ्याच दिवशी कोरडी पडली. बायका हंडा-कळशी घेऊन चढण चढू लागल्या. वाटेवर झाडे आडवी पडलेली, पावसाने माती निसरडी झालेली. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी भरल्या कळशीसह घसरून पडली व तिचा हात मोडला. वाडीत एक बाळंतीण होती, दोन आजारी माणसे होती. त्यांच्या घरी पाणी कोणी आणावे, हा प्रश्न उभा राहिला.

त्या वाडीत एक वृद्ध शेतकरी राहत असे. त्याच्या पडवीच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली एक जुने इंजिन पडून होते. विजेचा पंप येण्यापूर्वी तेच इंजिन बागेला पाणी देई. ते पेट्रोलवर सुरू करावयाचे आणि तापले म्हणजे रॉकेलवर चालवावयाचे, अशा जातीचे होते. पंधरा वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. तालुक्याच्या गावी मिस्त्री होता. परंतु रस्ते बंद होते, फोन मुके झाले होते आणि करोनाच्या साथीमुळे माणसांचे येणे-जाणे आधीच खुंटले होते.

"आजोबा, हे इंजिन चालेल का हो?" शेतकऱ्याच्या बारा वर्षांच्या नातीने विचारले. शाळा बंद असल्यामुळे ती घरीच होती.

आजोबा म्हणाले, "ते मला ठाऊक नाही, पोरी. ते आपण इंजिनालाच विचारू. मात्र एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, आणि उत्तर मिळाल्याखेरीज दुसरा विचारायचा नाही."

गोणपाट दूर केले. इंजिनावर धुळीचा व कोळिष्टकांचा थर होता. मुलीच्या काकाने चाकाला हात घालून ते फिरवून पाहिले. चाक तसूभरही हलेना.

"बाबा, पहार लावतो. दोन तडाखे बसले की सुटेल," काका म्हणाला.

"सुटेल किंवा फुटेल," आजोबा उत्तरले. "बीड मोठे कणखर, पण ठिसूळ असते. आत दट्ट्या गंजून अडकला आहे. त्याला मार नको, तेल हवे."

त्यांनी प्लग काढला. त्या भोकातून थोडे रॉकेल आणि थोडे तेल नळकांड्यात ओतले आणि भोकावर स्वच्छ फडके ठेवून इंजिन रात्रभर तसेच राहू दिले. खालच्या बाजूचे जुने तेल त्यांनी काढून टाकले. ते डांबरासारखे काळे झाले होते. त्याच्या जागी नवे तेल भरले. "यंत्राचे रक्त आधी बदलावे आणि मग त्याला चालावयास सांगावे," असे ते म्हणाले.

रात्री कंदिलाच्या उजेडात आजोबांनी नातीला इंजिनाचे काम कसे चालते ते समजावून दिले. निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकाने १८७६ मध्ये ज्या पद्धतीचे इंजिन यशस्वी करून दाखविले, त्याच पद्धतीने हे लहानसे यंत्रही चालते. त्याचे काम चार पायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीला दट्ट्या खाली येतो व हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. दुसऱ्या पायरीला दट्ट्या वर जातो व ते मिश्रण दाबले जाते. तिसऱ्या पायरीला प्लगमधून ठिणगी पडते, मिश्रण पेट घेते आणि तापून फुगलेला वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतो. चौथ्या पायरीला दट्ट्या पुन्हा वर येऊन जळालेला धूर बाहेर घालवितो. या चारांपैकी तिसऱ्या पायरीलाच काय ती शक्ती मिळते. उरलेल्या तीन पायऱ्या जड चाकाच्या वेगावर पार पडतात.

"म्हणजे इंजिनाला चारच गोष्टी हव्यात," मुलगी बोटे मोजीत म्हणाली. "दाब, ठिणगी, पेट्रोल आणि हवा."

"बरोबर. उद्या आपण चार प्रश्न विचारू."

सकाळी काकाने चाकाला हात घातला. किंचित रेटा देताच ते कुरकुरले, थोडे सरकले, मागेपुढे करता करता सैल झाले आणि अखेर पुरे एक वळण फिरले. आत साचलेले रॉकेल फडक्याने टिपून घेतल्यावर आजोबांनी मुलीला प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरावयास सांगितले. काकाने दोरी गुंडाळून ओढली. आतल्या हवेने मुलीचा अंगठा असा काही उडवून दिला की ती दचकलीच.

"दाब आहे!" ती ओरडली.

"पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले," आजोबा म्हणाले. "झडपाही बसतात आणि दट्ट्याही हवा धरतो. आता ठिणगी."

पेट्रोलचा डबा त्यांनी आधी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवविला. कारण पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही, परंतु ठिणगी तिला शोधून काढते. भोकात फडक्याचा बोळा बसविला. मग प्लग तारेला जोडून इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवला आणि दोरी ओढली. ठिणगी पडली नाही.

"प्लगच खराब असणार," काका म्हणाला. "नाहीतर आतले पॉइंट. दोन्ही एकदमच घासून टाकू."

"दोन्ही एकदम घासले आणि ठिणगी पडली, तर दोष कोणाचा होता ते कसे कळेल?" आजोबांनी विचारले. "आज ते कळले नाही, तर पुढच्या वेळी पुन्हा सगळेच घासत बसावे लागेल."

मुलगी क्षणभर विचार करीत राहिली. मग ती म्हणाली, "काकाच्या मोटारसायकलचा प्लग चांगला आहे. तो या तारेला लावून पाहिला तर?"

आजोबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. मोटारसायकलचा प्लग तारेला जोडला, धातूला टेकविला आणि दोरी ओढली. तरीही ठिणगी पडली नाही. चांगल्या प्लगलाही वीज मिळत नव्हती. दोष प्लगच्या मागे, वीज उत्पन्न करणाऱ्या भागात होता, हे आता निश्चित झाले.

या इंजिनाला बॅटरी नव्हती. त्याच्या चाकात चुंबक बसविलेले होते. चाक फिरले की ते चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळून जाते व वेटोळ्यात वीज निर्माण होते. त्याच क्षणी दोन छोटे पॉइंट एकमेकांपासून दूर होतात आणि विजेला प्लगच्या फटीवरून उडी घ्यावी लागते. ती उडी म्हणजेच ठिणगी. चाकाच्या खिडकीतून पाहिले तेव्हा त्या पॉइंटांवर करडी पुटे चढलेली दिसली. पंधरा वर्षांच्या दमट हवेने आपले काम केले होते. मुलीची बोटे लहान असल्यामुळे हे काम तिच्याकडेच आले. तिने बारीक पॉलिश कागदाचा तुकडा पॉइंटांमधून हलक्या हाताने ओढला, मग कोऱ्या कागदाने ते पुसले. पुन्हा दोरी ओढली. टक् असा आवाज झाला आणि प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी चमकली! त्यानंतर इंजिनाचा स्वतःचा प्लग काजळी खरवडून लावला, तेव्हा त्यानेही तसेच उत्तर दिले.

आता पेट्रोलची पाळी होती. मोटारसायकलच्या टाकीतून जेमतेम अर्धा लिटर पेट्रोल निघाले होते. पंपावर जाण्यास वाट नव्हती. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात त्यातले थोडे वाया जाणार, हे सर्वांना कळत होते.

दोरी एकदा ओढली, दोनदा ओढली, पाच वेळा ओढली. इंजिन चालले नाही. काका सहाव्यांदा दोरी गुंडाळू लागला, तेव्हा आजोबांनी त्याला थांबविले. "सहाव्यांदा तोच प्रश्न विचारून निराळे उत्तर कसे मिळेल? प्लग काढून पाहा."

प्लग काढला. तो कोरडा ठणठणीत होता. मुलीने लगेच ताडले, "पेट्रोल आतपर्यंत पोहोचतच नाही."

पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागास कार्बुरेटर म्हणतात. त्याची खालची वाटी सोडविली, तेव्हा तिच्या तळाशी तपकिरी, चिकट थर दिसला. इंजिन ठेवून देताना आतले पेट्रोल कोणी काढले नव्हते. ते हळूहळू उडून गेले आणि मागे हा डिंकासारखा गाळ राहिला. ज्या सूक्ष्म भोकातून पेट्रोल वर येते, ते भोक त्या गाळाने बुजले होते. त्याची रुंदी एक मिलिमीटरही नव्हती.

मुलीने ओढणीची टाचणी काढली. आजोबांनी तिचा हात धरला. "पोलादी टाचणी नको. हे पितळ मऊ असते. भोक केसाएवढे जरी मोठे झाले, तरी पेट्रोलचे माप कायमचे चुकेल."

मग काय वापरावे? मुलीने इकडेतिकडे पाहिले. पडवीच्या खांबाला काथ्याची दोरी बांधलेली होती. तिने तिच्यातला एक बारीक तंतू उपसला, पेट्रोलमध्ये बुडविला आणि त्या भोकातून अलगद मागेपुढे ओढला. नंतर सायकलच्या पंपाने हवा मारली. भोक डोळ्यासमोर धरताच पलीकडचे आभाळ दिसले.

सर्व भाग जागच्या जागी बसवून पुन्हा दोरी ओढली. इंजिन एकदा खोकले आणि थांबले. प्लग काढून पाहिला, तर या वेळी तो पेट्रोलने भिजलेला होता. काका खट्टू झाला, परंतु मुलगी आनंदाने म्हणाली, "काका, मघाशी तो कोरडा होता. आता तिसऱ्या प्रश्नाचेही उत्तर मिळाले. पेट्रोल येते आहे. मग हवा कमी पडत असेल का?"

तिचे म्हणणे खरे होते. एक किलो पेट्रोल पुरतेपणी जळण्यास सुमारे पंधरा किलो हवा लागते. हवा कमी पडली की पेट्रोल न जळता प्लग भिजवून टाकते. हवा आत येते त्या तोंडावरचे झाकण उघडले, तो काय! कुंभारीण माशीने आत मातीचे सुबक घर बांधून ठेवले होते. हवेची वाट तिने जवळजवळ बंद केली होती. माती काढली, जाळी रॉकेलमध्ये धुतली, वाळविली. प्लग पुसून कोरडा केला. काकाने दोरी गुंडाळली, पाय रोवला आणि ओढ घेतली.

इंजिन खोकले, थरथरले, पांढऱ्या धुराचा लोट त्याने बाहेर टाकला आणि मग धडधड सुरू झाली. प्रथम अडखळत, मग सावकाश, मग एका लयीत. पंधरा वर्षांनी त्या पडवीने तो आवाज ऐकला. शेजारच्या घरांतून माणसे धावत आली.

परंतु इंजिन चालले म्हणून पाणी वर आले असे होत नाही. चौघांनी मिळून इंजिन विहिरीवर नेले. विहिरीचे पाणी तीन पुरुष खोल होते. पावसाची भुरभुर सुरू झाली होती. कोणीतरी सुचविले, "विहिरीच्या आत ओटा आहे. इंजिन त्यावर उतरवू. पाणीही जवळ येईल आणि पाऊसही लागणार नाही."

आजोबांचा आवाज एरवी मृदू असे. या वेळी तो कठोर झाला. "इंजिन आत जाणार नाही. या धुरात असा एक विषारी वायू असतो की त्याला रंग नाही आणि वासही नाही. विहिरीत तो कोंडून राहतो. आत उतरलेल्या माणसाला गुंगी येते, आणि त्याला काढण्यास उतरलेला दुसराही वर येत नाही. अशी माणसे गेलेली आहेत. इंजिन मोकळ्यावरच चालेल. पावसासाठी वर पत्रा धरा, पण चारी बाजू उघड्या ठेवा."

त्या वायूला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. आजोबांना ते नाव ठाऊक नव्हते. मुलीला ते ठाऊक होते, परंतु तो वायू विहिरीच्या तळाशी वाट पाहत असतो, हे तिला त्या दिवशी कळले.

पाणी खोल आहे म्हणून घाबरण्याचे कारणही नव्हते. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वास्तविक तो नळीतली हवा दूर करतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला नळीत वर ढकलतो. हवेला असा दाब असतो, हे इटलीतील तोरिचेल्ली या शास्त्रज्ञाने १६४३ च्या सुमारास पारा भरलेल्या नळीच्या साहाय्याने दाखवून दिले. हवेचा तो दाब पाण्याला फार तर दहा मीटर उंच चढवू शकतो, आणि प्रत्यक्ष पंप सहा-सात मीटरपर्यंतच काम देतो. तीन पुरुष म्हणजे पाच मीटरांहून थोडे अधिक. तेवढी मर्यादा पाळली गेली होती.

मात्र त्यासाठी नळी आधी पाण्याने भरलेली असावी लागते. नळीत घागरीने पाणी ओतले, तर ते खाली झिरपून जाऊ लागले. नळीच्या तळाशी जी झडप असते, तिचे रबर सुकून तडकले होते. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून गोल तुकडा कापून तो तेथे बसविला. पुन्हा पाणी ओतले. या वेळी ते काठोकाठ भरून राहिले.

इंजिन सुरू केले. ते तापल्यावर पेट्रोल बंद करून रॉकेल सोडले. मुलगी टेकडी चढून टाकीपाशी जाऊन उभी राहिली. तिथे वाडीतल्या बायका रिकाम्या कळशा घेऊन थांबल्या होत्या. कोणीच बोलत नव्हते. नळातून आधी हवेचा सुस्कारा आला, मग गढूळ पाण्याचे चार थेंब, आणि नंतर धार. ती धार टाकीच्या कोरड्या तळावर आदळली तेव्हा तिचा आवाज देवळातल्या घंटेसारखा सर्वांना गोड वाटला. पहिली कळशी बाळंतिणीच्या घरी गेली आणि दुसरी हात मोडलेल्या म्हातारीच्या.

वाडीत वीज परत येण्यास कित्येक दिवस लागले. तोपर्यंत रोज सकाळी एक तास ते इंजिन चाले. वीज आली त्या दिवशी काका म्हणाला, "चला, सुटलो! आता हे पडवीत टाकून देऊ."

"टाकायचे नाही, ठेवायचे," आजोबा म्हणाले.

मुलीने टाकीतले व कार्बुरेटरमधले पेट्रोल निथळून काढले. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडून चाक दोनदा फिरविले. कुंभारीण माशीला वाट मिळू नये म्हणून हवेच्या तोंडाला फडके बांधले. मग तिने एक वही घेतली. पहिल्या पानावर इंजिन केव्हा सुरू झाले ती तारीख लिहिली. तिच्याखाली चार प्रश्न लिहिले आणि प्रत्येक प्रश्नासमोर इंजिनाने दिलेले उत्तर लिहिले. शेवटी, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दहा मिनिटे चालवावयाचे, असे लिहून ती वही तिने पडवीच्या खुंटीला टांगून ठेवली.

अभ्यास

१. टाकी कोरडी पडल्यामुळे वाडीतील लोकांवर कोणकोणती संकटे आली?

२. इंजिन चालण्यासाठी कोणत्या चार गोष्टी लागतात? प्रत्येकीची परीक्षा कशी घेतली ते क्रमाने लिहा.

३. "दोन्ही एकदम घासले आणि ठिणगी पडली, तर दोष कोणाचा होता ते कसे कळेल?" या वाक्यातून आजोबांना काय सुचवावयाचे आहे?

४. प्लग भिजलेला पाहून काका खट्टू झाला आणि मुलगी आनंदली. असे का झाले?

५. इंजिन विहिरीत उतरविण्यास आजोबांनी विरोध का केला?

६. 'टाकून देणे' आणि 'ठेवणे' यांतील फरक पाठाच्या शेवटच्या भागाच्या आधारे स्पष्ट करा.

७. तुमच्या घरी बंद पडलेली एखादी साधी वस्तू असेल, तर तिच्याविषयी विचारावयाचे प्रश्न क्रमाने लिहून काढा. विजेच्या वस्तूला वडील माणसांच्या देखरेखीवाचून हात लावू नका.